पाच फूट सात इंचांचा हिशेब : छोट्या चणीच्या मुलाने मायनर लीगमध्ये टिकायचं कसं

मुलगा हायस्कूलच्या बेसबॉल संघात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) खेळतो, पायाला भिंगरी लागलेली, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक पडून बाद) क्वचितच होतो, आणि उंची मात्र पाच फूट सात इंचांवर येऊन थांबलेली. अशा मुलांचे आईवडील माझ्याकडे टॅक्सच्या कागदांबरोबर एक प्रश्नही घेऊन येतात : याचं पुढे काही होईल का?

मी न्यू जर्सीत, ब्रिजवॉटरजवळ राहते. टॅक्स रिटर्न भरून देणं हा माझा व्यवसाय. इथला सॉमरसेट पेट्रियट्स हा संघ २०२० पर्यंत स्वतंत्र, म्हणजे मेजर लीगच्या संघांशी न जोडलेल्या, अटलांटिक लीगमध्ये होता आणि २०२१ पासून तो न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाचा डबल-ए संघ आहे. (मेजर लीग सगळ्यात वर, आणि तिच्याखाली मायनर लीगच्या पायऱ्या चढत्या क्रमाने ए, डबल-ए, ट्रिपल-ए.) म्हणजे करिअरची उतरती पायरी आणि चढती पायरी, दोन्ही मी त्याच स्टेडियममध्ये, तिसऱ्या बेसच्या बाजूला बसून पाहिल्या. शिवाय बरीच वर्षं आमच्या तळघरातल्या खोलीत उन्हाळ्यापुरते खेळाडू राहायला असत, आज या संघाचा तर उद्या त्या. त्यांची रिटर्न्स मीच भरायची. तेव्हा स्विंग कसा असावा हे माझ्याकडून शिकायला जाऊ नका. पैसा कुठून येतो, कुठे थांबतो आणि कुणासाठी थांबत नाही, हे मी सांगू शकते. छोट्या चणीच्या खेळाडूला कोचाइतकंच हेही कळायला हवं.

आधी बोनस समजून घ्या

मायनर लीगमधून कुणालाही उंचीसाठी काढत नाहीत. उंचीमुळे सही करतानाचा बोनस कमी मिळतो, आणि बोनस कमी म्हणून पुढे वेळ कमी मिळतो. खरी अडचण ही दुसरी. ज्याला वीस लाख डॉलर दिले तो मुलगा दोन हंगाम दोनशेच्या खाली (हजार संधींत दोनशेपेक्षा कमी हिट, म्हणजे .२०० च्या खाली) बॅटिंग करत राहिला तरी त्याला कोच, व्हिडिओ, आहारतज्ज्ञ सगळे मिळत राहतात, कारण त्याला सोडणं म्हणजे कुणीतरी वरच्याने आपली चूक कबूल करणं. पाच हजारात आलेला मुलगा दोन महिने चाचपडला की त्याची जागा दुसऱ्याला. महागाचं यंत्र बिघडलं तर माणूस दुरुस्त करतो, स्वस्तातलं बिघडलं तर नवं आणतो.

आपल्याकडचे बाबालोक इथे गावस्कर आणि तेंडुलकर काढतात. क्रिकेटमध्ये कमी उंचीच्या बॅटरला कुणी अडवलं नाही, मग इथेच का? कारण बेसबॉलचा स्काउट (संघासाठी खेळाडू हेरणारा) अठरा वर्षांच्या मुलाचा आजचा खेळ कमी आणि पंचविसाव्या वर्षीचं शरीर जास्त विकत घेतो. सहा फूट तीन इंचांच्या काटकुळ्या मुलाकडे बघून तो म्हणतो, याला पंधरा किलो चढले की होम रन निघतील. आपल्या मुलाकडे बघून त्याला असं काही म्हणता येत नाही. स्काउट २० ते ८० अशा मापात गुण देतात, आजचे वेगळे आणि भविष्यातले वेगळे. छोट्या मुलाच्या कागदावर हे दोन आकडे सारखेच पडतात. म्हणून त्याचा आजचाच आकडा मोठा हवा.

बुटक्या मेजर लीग स्टार होसे अल्तुवेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातला आकडा सांगितला जात नाही. व्हेनेझुएलात माराकायला ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या निवड शिबिरातून त्याला बुटका म्हणून परत पाठवलं, आणि वडिलांच्या सांगण्यावरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. २००७ मध्ये सही झाली ती १५,००० डॉलरला. तशाच चणीच्या होसे रामिरेझला क्लीव्हलँडने २००९ मध्ये दिले ५०,०००. एवढ्या पैशांत आलेल्या पोराची कुणी वाट बघत नाही. अल्तुवेनेही बघायला लावली नाही. २०११ मध्ये ए पातळीवर लँकेस्टरला .४०८, तिथून डबल-एला कॉर्पस क्रिस्टीत .३६१, आणि जुलैत ट्रिपल-ए न खेळताच मेजर लीगमध्ये. माझ्या मते त्या .४०८ मध्ये हौसेइतकीच निकडही आहे.

अमेरिकेतल्या मुलाचा रस्ता ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतून, जातो. २०१९ पर्यंत ड्राफ्टच्या ४० फेऱ्या होत्या, २०२१ पासून २० आहेत. कमी झालेल्या फेऱ्या नेमक्या आपल्या मुलासारख्यांच्या होत्या. पाच फूट पाच इंचांचा फ्रेडी पाटेक १९६५ साली २२ व्या फेरीत निवडला गेला आणि पुढे तीनदा ऑल-स्टार झाला. आज २२ वी फेरीच नाही. डेव्हिड एकस्टाइन १९९७ साली १९ व्या फेरीत होता, म्हणजे आजच्या हिशेबाने अगदी दारात. न निवडलेल्यांनाही संघ सही देतात. पाच फूट सात इंचांचा डावखुरा पिचर टिम कॉलिन्स असाच आला. त्याला कुणी ड्राफ्ट केलं नव्हतं, आणि २०११ मध्ये तो मेजर लीगमध्ये रॉयल्सच्या बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या ताफ्यात) होता.

पैशांचं पारडं असं आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या निवडीसाठी ठरलेली रक्कम एक कोटी दहा लाख डॉलरच्या वर होती. दहाव्या फेरीनंतर दीड लाखांपर्यंतचा बोनस संघाच्या एकूण मर्यादेत मोजला जात नाही. कॉलेजचं चौथं वर्ष संपवलेला मुलगा मात्र दहा हजारांतही सही करतो, कारण परत जायला त्याच्याकडे कॉलेज उरलेलं नसतं, आणि हे संघाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिला सल्ला हा : चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ पूर्ण झाल्यावर ड्राफ्टला पात्र होता येतं. तुमच्या मुलाचा हंगाम चांगला गेला असेल तर सौदा त्याच वर्षी करा, एक वर्ष हातात ठेवून. ज्युनियर कॉलेजातून दरवर्षी पात्र होता येतं, तोही रस्ता वाईट नाही. आपल्या लोकांना ज्युनियर कॉलेज म्हटलं की कमीपणा वाटतो. तो गिळा. बाकावर बसून नावाजलेल्या विद्यापीठाची टोपी घालण्यापेक्षा रोज खेळणं महत्त्वाचं.

कॉलेजच्या बाबतीत एक बदल नीट लक्षात घ्या. पूर्वी डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळाच्या सर्वोच्च पातळीवरच्या) संघाला ११.७ स्कॉलरशिप असत आणि बाकीची मुलं अर्ध्या-पाव मदतीवर किंवा स्वखर्चाने संघात येत. २०२५ पासून, ज्या कॉलेजांनी नवा करार स्वीकारला आहे तिथे, स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टर (संघाची यादी) ३४ जणांचं झालं. एकस्टाइन फ्लोरिडा विद्यापीठात स्कॉलरशिपविना, नुसता चाचणी देऊन शिरला होता. ते दार आता बरंच अरुंद आहे. कोचाशी बोलताना "किती टक्के स्कॉलरशिप" याआधी "चौतिसात सेकंड बेसला किती जण आहेत" हे विचारा.

उंची खरी सांगा

आमच्याकडे राहिलेला एक सेकंड बेसमन कार्डावर पाच फूट नऊ होता. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी मापला तर पाच सात, तेही मोजे धरून. असं वाढवून लिहिणं या खेळात सर्रास चालत आलं आहे. आता ते सोडून द्या, कारण प्रथमच खरी उंची आपल्या फायद्याची झाली आहे.

ट्रिपल-एमध्ये काही वर्षं चाललेली बॉल-स्ट्राइकच्या आव्हानाची (अंपायरचा निर्णय यंत्राकडून तपासून घेण्याची) पद्धत २०२६ पासून मेजर लीगमध्येही आली. तिच्यात स्ट्राइक झोन (ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तो पट्टा) अंपायरच्या डोळ्यांवर ठरत नाही, बॅटरच्या मोजलेल्या उंचीवर ठरतो : वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. मोजणीही अनवाणी आणि ताठ उभं करून होते, कार्डावरून नाही. गणित करा. पाच सातच्या मुलाची वरची कड जमिनीपासून छत्तीस इंचांच्या किंचित खाली येते, सहा चारच्या माणसाची चाळीस इंचांच्या वर. झोनची उभी लांबी एकाची पावणेअठरा इंच, दुसऱ्याची वीस. फरक जवळजवळ एका चेंडूएवढा आहे, आणि तो प्रत्येक पिचवर आहे.

पण फायदा आपोआप पदरात पडत नाही. संघाला सुरुवातीला दोनच आव्हानं असतात. बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. मागण्याचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला, तोही लगेच, डोक्याला हात लावून, डगआउटकडे न बघता. छातीच्या खालच्या उंचीवर येणारा फास्टबॉल अंपायर बरेचदा सवयीने स्ट्राइक देतो. झोन नेमका कुठे संपतो हे मुलाला पाठ पाहिजे. सराव सोपा आहे. पिचिंग मशीनमागे दोन दोऱ्या त्याच्या मापाने बांधा, एकही स्विंग न करता चेंडू बघायला लावा, आणि प्रत्येक चेंडूला आत की बाहेर ते म्हणायला सांगा. आमचा सेकंड बेसमन हे करायचा तेव्हा आव्हानाची पद्धत नव्हतीच. त्याला फक्त वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट मिळणारा बेस) हवे असत. त्याचे सहकारी हसायचे. एक पिचर तेवढा हसायचा नाही, तो मागे उभा राहून स्वतःचे चेंडू त्याच्याकडून तपासून घ्यायचा.

हातमोजे तीन ठेवा

स्वस्तात आलेल्या खेळाडूने संघाला स्वतःला सोडणं गैरसोयीचं करून ठेवायचं असतं. मायनर लीगचं रोस्टर दर आठवड्याला हलतं. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाला वर बोलावतात, आणि मॅनेजरला संध्याकाळी साडेसहाला नऊ नावं लिहायची असतात. सेकंड, शॉर्ट, थर्ड आणि सेंटर फील्ड खेळणारा एक मुलगा बाकावर असला की त्याचं काम भागतं. आमच्या या सेकंड बेसमनच्या पिशवीत इनफिल्डचा मोजा, आउटफिल्डचा मोठा मोजा आणि कुणाकडून तरी जुना घेतलेला कॅचरचा मिट, असे तीन असायचे. कॅचर म्हणून तो सामन्यात उभा राहिला नाही. पण बुलपेनमध्ये पिचर गरम करायला बसायचा, आणि पिचिंग कोचाला त्याचं नाव पाठ होतं. वरच्या बैठकीत "हा राहू दे" म्हणणारा एक आवाज वाढला, तो असा.

एक पथ्य पाळा. शॉर्टस्टॉप शक्य तितकी वर्षं सोडू नका. शॉर्टवरून सेकंडला कधीही येता येतं, उलटं सहसा होत नाही. सेकंडलाच खेळणाऱ्या आणि बॅटमध्ये जोर नसलेल्या मुलाला बाजारात किंमत नाही, हे कटू आहे पण खरं आहे. हात कमजोर असेल तर चेंडू हातात येऊन सुटेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून कमी करा. तिथे उंचीचा संबंध येत नाही.

पळण्याबद्दल थोडक्यात. २०२३ पासून मेजर लीगमध्ये बेसची बाजू १५ ऐवजी १८ इंच झाली आणि पिचरला एका बॅटरमागे दोनदाच बिनधोक थांबायची किंवा बेसवर फेकायची मुभा उरली. स्टील्स (पळून चोरलेले बेस) एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. पाच फूट सातचा टेरन्स गोर २०११ च्या २० व्या फेरीतला, बॅटिंग नावापुरती, आणि तरी निव्वळ पायांवर त्याने तीन विश्वविजेत्या संघांच्या अंगठ्या मिळवल्या. अर्थात तेवढा वेग कमावता येत नाही. तो असावा लागतो.

डबल-एला काय होतं

हा भाग मी सगळ्यात जास्त पाहिला आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

खालच्या ए-बॉलमध्ये पिचर वेगवान पण सैल असतात. धीर धरणाऱ्या छोट्या बॅटरला वॉकवर वॉक मिळतात, ऑन-बेसचा (बेस गाठण्याचा) आकडा चारशेच्या आसपास जातो, घरचे खूश होतात. तोच मुलगा डबल-एला येतो आणि वॉक आटतात. त्याचा डोळा अचानक बिघडत नाही. इथला पिचर आधीच्या मालिकेचा चार्ट वाचून आलेला असतो आणि त्याला दिसतं की हा कुणालाही इजा करत नाही. मग तो सरळ मधोमध फेकतो. दोन स्ट्राइक खुशाल मधोमध, आणि तिसऱ्याला स्लायडर बाहेर. तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलं की आउटफिल्डर दिसतात. बॅटर आला की ते चार पावलं पुढे येतात. कुणी पुढे येतंय का हे बघा, मुलाबद्दल त्या लीगचं मत तुम्हाला तिथेच कळेल.

यावर उपाय एकच, मधोमध आलेल्या चेंडूला शिक्षा करता आली पाहिजे. सगळ्या दिशांना होम रन मारायची गरज नाही. अल्तुवे काय करतो बघा. ह्यूस्टनमध्ये डावीकडची भिंत ३१५ फुटांवर आहे, आणि तो आतला चेंडू लवकर गाठून त्याच बाजूला उंच उडवतो. रामिरेझही ओढूनच मारतो. कमी ताकदीच्या माणसाने मैदानाच्या मधोमध, चारशे फुटांकडे मारलेला चेंडू हा सेंटर फील्डरला दिलेला सोपा झेल. तोच चेंडू कोपऱ्यात ओढला तर डबल किंवा होम रन. पूर्वी छोट्या मुलांना "जमिनीवर मार आणि पळ" असं शिकवायचे. काही कोच अजून शिकवतात. सभ्यपणे ऐकून घ्या आणि विसरून जा. जमिनीवरचे चेंडू अडवणारे इनफिल्डर डबल-एला फार चांगले असतात.

आता सगळ्या मैदानांत चेंडूचा माग घेणारी यंत्रं आहेत. संघ सरासरी एक्झिट वेलॉसिटी (बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग) बघतो, त्याहून जास्त मुलाच्या सर्वांत जोरदार दहा टक्के फटक्यांकडे बघतो, आणि स्विंग केल्यावर बॅट किती वेळा चुकते ते बघतो. या तिन्ही आकड्यांची विचारणा मुलाने दर महिन्याला स्वतः करावी. आईवडिलांनी नव्हे. वडिलांनी हिटिंग कोऑर्डिनेटरला ईमेल केल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे. त्या मुलाला क्लबहाउसमध्ये वर्षभर त्यावरून नावं ठेवली गेली.

बॅटचं म्हणाल तर कॉलेजची ॲल्युमिनियमची बॅट सुटली की मोठ्या मुलांच्या देखादेखी जड लाकडी बॅट घेऊ नका. हलकी घ्या, किंवा दोन बोटं वर धरा. त्यात लाज नाही. आणि वजन सांभाळा. ए पातळीवर १३२ सामने, डबल-एला १३८, ट्रिपल-एला १५०, मंगळवार ते रविवार रोज खेळ, सोमवारी सुट्टी की प्रवास. एकशे पासष्ट पौंडांचा मुलगा ऑगस्टपर्यंत आठ पौंड उतरला तर त्याच्या बॅटचा वेगही उतरतो. सहा चारच्या गड्याला ते खपतं, याला खपत नाही. आमच्याकडे वजनकाटा जिन्याखाली असायचा, आणि रविवारी रात्री कुणी चढलं नाही की मी हाक मारायची.

पगार, घर आणि टॅक्स

पूर्वीची परिस्थिती भयंकर होती. २०२१ च्या आधी ए-बॉलचा किमान पगार आठवड्याला २९० डॉलर, तोही फक्त हंगामात. स्प्रिंग ट्रेनिंगचे पैसे नाहीत. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या तळघरात खेळाडू राहत. २०२२ पासून मेजर लीगच्या संघांना आपल्या मायनर लीगच्या खेळाडूंची राहायची सोय करावी लागते, आणि त्याच वर्षी खेळाडू युनियनमध्ये आले. २०२३ च्या पहिल्या करारात वर्षाचा किमान पगार ठरला तो असा : कॉम्प्लेक्स लीग १९,८००, लो-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८०० डॉलर. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० होता. म्हणजे ट्रिपल-एचं वर्षभराचं उत्पन्न वर गेलेला मुलगा साधारण नऊ दिवसांत मिळवतो. मेजर लीगच्या रोस्टरवर ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्कही लागू होतो. हे आकडे मी आईवडिलांना आवर्जून सांगते, कारण तीस हजारांवर पाच वर्षं काढायची की नाही हा निर्णय त्यांच्या जिवावर व्हायचा असतो, आणि तो डोळे उघडे ठेवून व्हावा.

टॅक्स कटकटीचा आहे. खेळाडू ज्या राज्यांत काम करतो तिथे तिथे देणं लागू शकतं, आणि बस एका उन्हाळ्यात चार-पाच राज्यं ओलांडते. मुलाने कायमचा पत्ता कुठला हे पहिल्याच वर्षी ठरवावं आणि कुठल्या तारखांना कुठे होता याची नोंद फोनमध्ये ठेवावी. सामन्यांचं वेळापत्रक छापून ठेवलं तरी निम्मं काम होतं. बोनस मिळाला असेल तर त्यातला टॅक्स वेगळा काढून उरलेला पुढच्या वर्षांच्या राहणीला पुरवावा. आलेल्या चेकने पिकअप ट्रक घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

जुलै आणि मार्च

हे दोन महिने धोक्याचे. २०२४ पासून हंगामात प्रत्येक संघाला अमेरिकेतल्या मायनर लीगच्या खेळाडूंसाठी १६५ जागा आहेत, आधी १८० होत्या. जुलैत ड्राफ्टची वीसेक पोरं येतात, म्हणजे तितक्यांना जावं लागतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, शिबिर संपताना, पुन्हा तेच. आमच्या सेकंड बेसमनला त्याच्या पहिल्या संघाने मार्चमध्येच सोडलं होतं. आदल्या दिवशी त्याने दोन हिट घेतले होते, पण त्याच जागेवर जास्त बोनसचा मुलगा आलेला. अशा दिवसाची वाट न बघता जूनपासूनच यादी बघत राहा : मुलाच्या पातळीवर त्याच्या जागी किती जण, त्यांचा बोनस किती, कोण वर जाणार. ही माहिती जाहीर असते. मुलाला दाखवायची की नाही ते त्याच्या स्वभावावर ठरवा. आमच्याकडे मी दाखवत असे, आणि तो शांत होत असे.

सुटल्यावर अटलांटिक लीग, फ्रंटियर लीग, अमेरिकन असोसिएशन, पायोनियर लीग हे रस्ते आहेत. तिथे पैसे थोडे, राहायला अजूनही बरेचदा कुणाचं तरी घर, पण मेजर लीगचे स्काउट येतात आणि आवडलेल्या खेळाडूचा करार विकत घेतला जातो. जाताना आपला व्हिडिओ आणि ट्रॅकिंगचे आकडे बरोबर न्या. संघ बदलला की जुन्या संघाच्या प्रणालीत लॉग-इन चालत नाही.

सोडलं नाही पण पुढेही नेलं नाही, तर डिसेंबरमधला रूल फाइव्ह ड्राफ्ट लक्षात ठेवा. १९ किंवा त्याहून मोठा असताना सही केलेला खेळाडू चार हंगामांनंतर, ४० जणांच्या रोस्टरवर नसल्यास, दुसऱ्या संघाला एक लाख डॉलरला उचलता येतो. मायनर लीगच्या टप्प्यात तर २४,००० ला. एकस्टाइनचं उदाहरण या प्रकाराचं नाही, पण धडा तोच. रेड सॉक्सने त्याला ऑगस्ट २००० मध्ये वेव्हर्सवर टाकलं (दुसऱ्या संघांना उचलायला मोकळं केलं), एंजल्सनी उचललं, २००२ मध्ये त्याने त्यांच्याबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकली आणि त्या हंगामात २७ वेळा चेंडू अंगावर घेऊन बेस मिळवला. २००६ मध्ये कार्डिनल्सकडून तो वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बहुतेक वेळा छोट्या खेळाडूचं बरं होतं ते दुसऱ्या संघात, जिथे त्याच्या बोनसचा कागद कुणी वाचलेला नसतो. २०२४ पासून १९ व्या वर्षानंतर सही करणाऱ्यांवर संघाचा ताबा सातऐवजी सहाच वर्षं राहतो, हेही आपल्या बाजूचं.

कधी थांबायचं

पंचविशी ओलांडली आणि अजून ए-बॉलमध्येच आहे, तर मी स्पष्ट सांगते की आता शेवटचा हंगाम ठरवा. डबल-एला सव्वीस-सत्तावीसचा असेल, चार जागा खेळत असेल आणि मॅनेजर त्याला आठवड्यातून चारदा उतरवत असेल, तर आणखी दोन वर्षं द्यायला हरकत नाही. दुखापत कुणालाही एकाएकी होते, मग पुढच्या मुलाला वर जावं लागतं. खोलीत पडून छताकडे बघणारा झाला की मात्र वय काहीही असो, घरी आणा.

आणि सही करतानाच एक कलम मागून घ्या. संघाकडून कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च करारात लिहून घेता येतो, सेमिस्टर किती आणि रक्कम किती ते आकड्यांत. कमी बोनसच्या मुलालाही हे मिळू शकतं, कारण संघाला ते आज खर्चावं लागत नाही. अट अशी की मेजर-मायनर लीगमधलं खेळणं थांबल्यापासून दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. रिलीजची तारीख लिहून ठेवा. आमच्या सेकंड बेसमनने स्वतंत्र लीगचे उन्हाळे संपल्यावर हा कागद काढला तेव्हा मुदतीचे थोडेच आठवडे उरले होते. अर्ज खेळाडूनेच करायचा असतो, आणि माझ्या अनुभवात संघाकडून आठवणीचा फोन येत नाही.